एकटीने तैलरंग शिकतेय: कोकणातला हिरवा जमत नाही आणि पावसाळ्यात रंग वाळत नाही

आंजर्लेकरीण

नमस्कार. मी दापोली तालुक्यातली. गावच्या पोस्टात काम करते, दुपारी टपालाची पिशवी रवाना झाली की मोकळी होते. तिथून दिवेलागणीपर्यंतचा वेळ माझा आणि रंगांचा.

तैलरंग मी कुणाकडे शिकले नाही. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या होत्या, पण तेव्हा सगळं जलरंगात. मग लग्न, घर, नोकरी यात चित्रकला सुटली. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि एका सुट्टीत येताना तैलरंगाच्या ट्यूबा घेऊन आली. पहिल्यांदा पॅलेटवर रंग काढला तेव्हाच मला कळलं की मला हेच हवं होतं. आमच्याकडे पावसात आभाळ गच्च असतं आणि मध्येच कुठेतरी फाटून खाडीच्या पाण्यावर उजेडाची एक पट्टी पडते. जलरंगात त्या पट्टीसाठी कागद आधीपासून पांढरा राखून ठेवावा लागतो. तैलरंगात अख्खं आभाळ काळवंडून घेऊन तो उजेड शेवटी वरून ठेवता येतो. यासाठी मी कितीही कष्ट घ्यायला तयार आहे.

आता अडचणी.

हिरवा रंग. सॅप ग्रीन, व्हिरिडियन ह्यू आणि लेमन यलो एवढ्यावर माझं काम चालतं. पण भाताचं खाचर, त्यामागची काजूची बाग, त्यामागे माड आणि पार मागचा डोंगर, सगळं एकाच ट्यूबेतून आल्यासारखं दिसतं. चित्रात खोली येत नाही. रंग गडद केला तर काळपट होतो, पांढरा घातला तर खडूसारखा फिका पडतो.

दुसरं वाळण्याचं. मे महिन्यात चारपाच दिवसांत बोट लावण्याजोगं वाळणारं चित्र जुलैत पंधरा दिवसांनीही चिकट असतं. गेल्या पावसात दोन कॅनव्हासच्या पाठीला पांढरी बुरशी धरली.

तिसरं म्हणजे मुरुडच्या एका रिसॉर्टवाल्यांना तीन बाय चार फुटांचं चित्र हवंय. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीकडून समुद्र आणि सुवर्णदुर्ग दिसतो, ते दृश्य. एवढं मोठं मी कधी केलेलं नाही. घ्यावं का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओळखीतल्या एका चित्रकारांनी मला सांगितलं की डिप्लोमा नसेल तर निसर्गचित्रात पडू नका, जन्मभर नकला करत राहाल. मी रंगवणं सोडणार नाही, ते ठरलेलं आहे. पण त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य असेल तर ते मला समजून घ्यायचंय. घरी एकटीने शिकताना नेमकं काय राहून जातं?

सह्यकडा

जागेवर बसून रंगवता की फोटोवरून?

आंजर्लेकरीण

पावसामुळे बहुतेक वेळा मोबाइलच्या फोटोवरून. उन्हाळ्यात जागेवर, पण कमी.

सह्यकडा

मग हिरव्याचं निम्मं कारण तिथे आहे. मोबाइलचा कॅमेरा गवत आणि झाडं असली की हिरवा स्वतःहून भडक करतो, आणि सावल्या काळ्या करून टाकतो. झाडाखालच्या सावलीत डोळ्याला जांभळट, तांबूस, निळसर असं बरंच काही दिसतं. फोटोत तिथे नुसता काळा खड्डा उरतो. तुम्ही त्या खड्ड्याची नक्कल करताय, म्हणून गडद हिरवा काळपट होतो. पडवीत बसून जेवढं दिसतं तेवढंच रंगवा, पण डोळ्यांनी बघून रंगवा.

रंकाळाकाठ

ताई, मी कोल्हापूरचा. आयुष्यभर दुकानांचे बोर्ड आणि सिनेमाची बॅनरं रंगवली. फ्लेक्स आल्यावर ते काम संपलं, तेव्हापासून निसर्गचित्रंच करतो. मीसुद्धा कुठल्या कॉलेजात गेलेलो नाही. आमचे उस्ताद रंग कालवताना त्यांच्या हाताकडे बघायचं, हेच शिक्षण.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यात येतं. डिप्लोमा नसला म्हणून हात अडत नाही. आमच्या गावचे बाबूराव पेंटर १८९० चे. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी शाळेत जाऊन शिकली नव्हती. त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे असे रंगवले की सगळ्या मुलखात नाव झालं, आणि पुढे बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा स्वतः घडवला. रवि वर्मांचं बघा. १८६८ साली त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार आला होता. तो रंगवत असताना बघून बघून त्यांनी तैलरंगाची रीत उचलली. म्हणजे शाळा नव्हती, पण समोर ओला रंग लावणारा माणूस होता. एकट्याने शिकताना राहून जातं ते हे. तुमच्यासमोर रंगवणारा माणूस नाही आणि मूळ चित्रंही नाहीत. छापील चित्र आणि मोबाइलच्या पडद्यावर रंगाची जाडी दिसत नाही. कुठे ब्रश घासून नेलाय, कुठे पॅलेट नाइफने थापलाय, कुठे खालचा थर मुद्दाम उघडा सोडलाय, काही कळत नाही.

त्यावर उपाय आहे, आणि तो तुमच्या आवाक्यातला आहे. वर्षातून एकदा तरी मूळ चित्रं बघायला बाहेर पडा. कोल्हापुरात टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमानांची चित्रं आहेत. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि त्यांनी इथल्या तळ्याकाठची, नदीकाठची साधी दृश्यं रंगवली. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे. नट म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण तो माणूस निसर्गचित्रांत किती रमला होता ते तिथे कळतं. साताऱ्याकडे औंधला भवानी संग्रहालय आहे. औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. तिथे रवि वर्मांचे मोठे कॅनव्हास आहेत. निसर्गचित्रं नसली तरी तैलरंग काय करू शकतो ते बघायला जा. चित्रापुढे लांब उभं राहा, मग नाक लागेल इतकं जवळ जा, मग बाजूने तिरकं बघा म्हणजे रंगाचे उंचवटे दिसतील. एका चित्राला अर्धा तास द्या. दहाच चित्रं बघितली तरी चालेल.

आता हिरवा.

ताई, तुमची अडचण रंगाची कमी आणि टोनची, म्हणजे उजळ-गडदपणाची, जास्त आहे. डोळे बारीक करून समोर बघा. रंग पुसट होतात आणि उजळ किती, गडद किती एवढंच उरतं. खाचर सगळ्यात उजळ, कारण ते आडवं पसरलेलं आहे आणि आभाळाचा उजेड थेट त्यावर पडतो. झाडं उभी, म्हणून गडद. डोंगर उतरता, म्हणून त्या दोहोंच्या मधला, शिवाय लांब असल्यामुळे आणखी फिका. हे तीन टोन बरोबर बसले तर तुम्ही चुकीचा हिरवा लावलात तरी खोली येते. ते बसले नाहीत तर जगातल्या सगळ्या हिरव्या ट्यूबा आणल्या तरी येत नाही.

म्हणून पुढचा महिनाभर हिरव्याला हातच लावू नका. रॉ अंबर आणि पांढरा, दोनच रंग. आठ बाय दहा इंचांचे हार्डबोर्डचे तुकडे कापून आणा, त्यांना प्रायमरचे दोन हात द्या आणि पडवीतून दिसतं तेच रोज रंगवा. सकाळी, भर दुपारी, पाऊस थांबल्यावर. तासाभरात उठायचं, कारण तोवर उजेड बदललेला असतो. इंग्लंडात कॉन्स्टेबल नावाचा निसर्गचित्रकार होऊन गेला. त्याने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची तैलरंगातली कितीतरी छोटी चित्रं केली. मागे तारीख, वेळ, वारा कुठला हे लिहून ठेवायचा. त्याचं नाव झालेलं होतं, तरी तो हे करत होता. तुम्हीही तुकड्याच्या मागे लिहा.

त्यानंतर रंग. टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक. बस. सॅप ग्रीन आणि ते व्हिरिडियन ह्यू डब्यात राहू दे. ट्यूबेवर ह्यू लिहिलेलं असेल तर आत मूळ रंगद्रव्य नसून त्याच्यासारखा दिसणारा दुसरा रंग असतो. हिरव्यात तो बहुधा थॅलो नावाचा कृत्रिम रंग असतो, आणि थॅलो फार जोरदार, टिचभर पडला तरी सगळं पॅलेट खातो. अल्ट्रामरीन आणि लेमनचा हिरवा तरण्या भाताला. अल्ट्रामरीन आणि ऑकरचा हिरवा काजूला. काळा आणि लेमन यलो मिसळून बघा, जुन्या शेवाळासारखा हिरवा येतो, फणसाच्या आतल्या बाजूला तो शोभतो. हिरवा ओरडायला लागला की चिमूटभर बर्न्ट सिएना. सावलीला काळा घालायचा नाही, सिएना आणि अल्ट्रामरीन घालायचा.

आणि कोकणाच्या पावसाळी हिरव्याची एक खूण सांगतो. मी गगनबावड्याचा घाट उतरून बऱ्याचदा तळकोकणात रंगवायला जातो, तिथे बघून शिकलो. ढगाळ दिवशी पानावरची चकाकी पिवळी नसते. ती आभाळाची असते, म्हणजे राखी-निळी. फणसाचं पान वरून जवळजवळ रुप्यासारखं दिसतं. तुम्ही उजेड दाखवायला लेमन यलो घालत असणार, म्हणून पावसाळी दिवसाला उन्हाळी हिरवा लावला जातो. पिवळा कुठे असतो? उजेड पानाच्या आरपार येतो तिथे. केळीच्या पानामागे आभाळ असेल तर ते आतून पेटल्यासारखं पिवळं दिसतं. तेच पान तुमच्या बाजूने उजळलं तर निळसर. एवढा एक फरक नीट धरलात तर माड, केळ, फणस आपोआप वेगळे होतील.

शेवटचं एक. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने आधी सगळीकडे पुसून घ्या आणि वाळू द्या. तुमचा जांभा दगड त्याच रंगाचा आहे. हिरव्याच्या फटींतून तो तांबूस दिसत राहिला की हिरवा जिवंत होतो.

वऱ्हाडी जवस

रंकाळाकाठ यांनी चित्राचं सांगितलं, मी तेलाचं सांगतो. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, आणि आमच्या विदर्भात जवस घरोघरी, त्यामुळे या तेलावर माझं प्रेम आहे.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून कडक पापुद्रा होतो. म्हणून वाळताना चित्राचं वजन कमी होण्याऐवजी सुरुवातीला थोडं वाढतं. दमट, थंडावलेल्या, कोंडलेल्या हवेत ही क्रिया रेंगाळते. ताईंच्या जुलैचं कारण हेच.

करता येण्याजोगं बरंच आहे. मातीचे रंग, म्हणजे अंबर आणि सिएना, लवकर वाळतात. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन क्रिमसन फार वेळ घेतात. पावसाळ्यात खालचे थर मातीच्या रंगांत आणि पातळ ठेवा. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वर जाल तसं तेलाचं प्रमाण जास्त, हा क्रम मोडू नका. उलटं झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि पुढे भेगा पडतात. अगदी घाई असेल तर अल्किड माध्यम, म्हणजे रंग लवकर वाळवणारं मिश्रण, मिळतं. ते रंगात थोडं मिसळलं की दिवस-दोन दिवसांत हात लावता येतो. लवंगेचं तेल घाला असं कुणी सांगितलं तर घालू नका, त्याने वाळणं आणखी लांबतं. शेंगदाण्याचं तेल तर वाळतच नाही. घाण्यावरचं खाण्याचं जवसाचं तेलही नको, त्यातला चिकट गाळ काढलेला नसतो. पातळ करायला रॉकेल नको, तेलकट अंश मागे राहतो.

ओलं चित्र अंधाऱ्या खोलीत कपाटामागे ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पडलं असलं तर काही दिवस खिडकीच्या उजेडात ठेवा, बरंचसं निवळतं. थेट कडक ऊन नको. बुरशीसाठी कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही, मागे बोटभर तरी मोकळी हवा हवी. धरलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसाल तर ती पसरते. आधी कोरडी होऊ द्या, मग नाकाला रुमाल बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा.

आता जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडते, ती बोळ्यात कोंडते आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. एकेक फडकं मोकळं पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. तुमचं घर लाकडी माळ्याचं असेल तर हे विसरूच नका.

गोदाकाठ

मी डिप्लोमा केलेली आहे, म्हणून त्या चित्रकारांच्या बोलण्याचं उत्तर माझ्या बाजूने. कॉलेजात आम्हाला रोज ड्रॉइंग करावं लागायचं, हा पहिला फायदा. दुसरा त्याहून मोठा. दर आठवड्याला सगळ्यांची कामं भिंतीवर लागायची आणि सर बोलायच्या आधी वर्गातली मुलं बोलायची. आपल्या झाडाला वजन नाही हे शेजारच्या मुलीच्या झाडाकडे बघून कळायचं. निसर्गचित्रं तर आम्ही कॉलेजात कमी आणि सुट्टीत नाशिकच्या गंगाघाटावर बसून जास्त शिकलो.

ताई, आंजर्ले, हर्णै, मुरुड या भागात हिवाळ्यात चित्रकारांचे आणि विद्यार्थ्यांचे गट रंगवायला येतात. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी कुणी ना कुणी बसलेलं दिसेल. त्यांच्या शेजारी तुमचा बोर्ड लावा. बोलायला लाजू नका, आम्हाला स्थानिक माणूस शेजारी बसला की आनंदच होतो. आणि तुमची चित्रं इथे टाका. मी खरं तेच सांगेन.

आंजर्लेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रंकाळाकाठ काका, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. आज फणसाकडे बघितलं आणि खरोखर पानं वरून राखी-निळी दिसत होती. इतकी वर्षं ते झाड दारात आहे.

वऱ्हाडी जवस सर, आमचं घर लाकडी माळ्याचंच आहे. पत्र्याचा डबा आजच ठेवला. काका, त्या मोठ्या चित्राचं काय करू ते सांगा. त्यांना ते दिवाळीच्या गर्दीआधी भिंतीवर हवंय. आणि आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मिळतं, ते चालेल का? आर्टचं लिनसीड, म्हणजे चित्रकलेचं जवसाचं तेल, पुण्याहून मागवायला लागतं.

रंकाळाकाठ

बेलतेल आम्ही बोर्डाला वापरायचो. ते उकळलेलं असतं, लवकर वाळतं, पण पुढे तांबूस होतं. बोर्ड दोन वर्षांनी पुन्हा रंगवायचा असतो, चित्र तसं नसतं. रिफाइंड लिनसीडची लहान बाटली मागवा, वर्षभर पुरते. पावसाळ्यात तसंही तेल थोडंच लागणार.

काम घ्या. पण आत्ता मोठ्या कॅनव्हासला हात लावू नका. पाऊस उघडेल तेव्हा गणपतीच्या वाटेवर जाऊन लहान तुकड्यांवर त्या दृश्याचा अभ्यास करा. एक सकाळचा, एक संध्याकाळचा, एक ढगाळ. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि किल्ल्याची भिंत उजळते. संध्याकाळी तो समुद्राच्या बाजूला जातो आणि किल्ला गडद आकार होतो. ही दोन वेगळी चित्रं आहेत. मालकांना दोन्ही अभ्यास दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या, म्हणजे नंतर वाद नको. निवडलेल्या अभ्यासावर चौकटी आखा, तितक्याच चौकटी मोठ्या कॅनव्हासवर खडूने आखा आणि एकेक चौकट उतरवा. आम्ही चाळीस फुटी बॅनर असेच करायचो, तीन बाय चारला घाबरू नका. ब्रश मात्र मोठे घ्या. दोन इंची चपट्या ब्रशने सुरुवात करा आणि लहान ब्रश शेवटच्या दिवसापर्यंत काढू नका.

रंगवायला ऑक्टोबरचा उन्हाळा धरा. हवा कोरडी होते आणि तुमच्याकडे आभाळही तेव्हा स्वच्छ निघतं. दिवाळीआधीचा आग्रह धरला तर सरळ सांगा की ओलं चित्र पर्यटकांच्या गर्दीत लावलं तर कुणीतरी बोट लावणारच. वार्निश लगेच करायचं नाही, सहा महिने ते वर्षभर थांबायचं. तेव्हा येऊन वार्निश करून देईन असं आधीच ठरवा. समुद्राकाठची भिंत ओल धरते, म्हणून फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे लावून घ्या.

पैशाचं म्हणाल तर निम्मे आधी घ्या. कॅनव्हास, पांढऱ्या रंगाच्या मोठ्या ट्यूबा आणि ते ब्रश त्यातून येतील. काय ठरलं ते दोघांच्या सहीने कागदावर लिहा, आणि चित्र नेण्याची तारीख डिसेंबरातली टाका.